दोन बोटं जास्तीची

"आई, पट्टी कापताना तुम्ही परत जास्तीचं सोडलंत."

"सोडलं. सोडायचं असतं."

"इथे नसतं सोडायचं."

"कोण म्हणतं?"

"तानाबेसान म्हणाल्या. तुमच्यासमोरच म्हणाल्या."

"त्या जपानीत म्हणाल्या," असं म्हणून सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि हातातल्या चेंडूकडे बघत बसल्या.

चेंडू दोऱ्याचा होता. आत भाताचं तूस, त्यावर लोकर, लोकरीवर बारीक दोरा गुंडाळत गुंडाळत मोसंबीएवढा केलेला. याला तिकडे तेमारी म्हणतात. त्यावर रंगीत रेशमाने फुलं भरतात, पण ते फार नंतर. आधी चेंडूचे सारखे भाग पाडावे लागतात. कागदाची बारीक पट्टी घ्यायची, तिचं टोक टाचणीने चेंडूच्या डोक्यावर टोचायचं, पट्टी चेंडूभोवती फिरवून परत त्याच टाचणीपाशी आणायची आणि नेमकी तिथे कापायची. मग ती अर्धी दुमडली की डोक्याच्या बरोबर खालचं टोक सापडतं, आणखी एकदा दुमडली की कंबर सापडते. तिथे तिथे टाचण्या लावायच्या आणि टाचण्यांवरून जरीचा दोरा ताणून आखणी करायची. टेप लावायचा नाही, आकडा लिहायचा नाही. ज्या चेंडूची पट्टी त्याच चेंडूला.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तानाबेसान हे शिकवायच्या. माझं पोट दिसायला लागलं तेव्हापासून माझ्या मागे होत्या, की एक चेंडू बाळाच्या आईने करावा, एक आजीने. सासूबाई आल्यावर त्यांनी दोन तयार चेंडू, टाचण्यांची डबी, कागद आणि जरीचं रीळ असं सगळं वर आणून दिलं, एकदा करून दाखवलं आणि सांगितलं की आखणी झाली की बघायला येते. त्यानंतर बर्फ सुरू झालं ते थांबेचना.

नागानोच्या डोंगरातलं ते लहानसं गाव. सत्यजित, म्हणजे माझा नवरा, तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात होता. तो शुक्रवारी मीटिंगसाठी टोकियोला गेला आणि गाड्या बंद पडल्यामुळे तिथेच अडकला. आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत. बाहेर जिन्यावर गुडघाभर बर्फ, आत हीटरची घरघर आणि तीच ती टाचण्यांची डबी.

माझा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. लग्न झालं तेव्हापासून मी फलटणची ती मधली खोली डोळ्यांसमोर धरून होते. आईने शेक-शेगडीची, डिंकाच्या लाडवांची तयारीसुद्धा चालू केली होती. आणि दिवाळीत सत्यजित एकदम म्हणाला, "उत्तरा, आईची फार इच्छा आहे गं, इथे येऊन तुझं सगळं करायची. इतक्या मायेने म्हणतेय, तिला नाही कसं म्हणू?"

आता सासू मायेने म्हणतेय म्हटल्यावर सून काय बोलणार? गप्प बसले. फलटणला मला सगळे शेंड्यांची तोंडाळ पोर म्हणायचे, पण त्या तोंडाला लग्नानंतर कुलूप लागलं होतं. आत मात्र नुसती उकळत होते. आठवा लागला की विमानवाले डॉक्टरची चिठ्ठी मागतात, पुढे तीही चालत नाही. एकेक दिवस हातातून जात होता, आणि ज्या बाईमुळे जात होता तीच समोर बसून मला दिवसातून दहादा विचारत होती, "खाल्लंस का? पाय वर घे. तोंड का असं झालंय?"

त्या दिवशी दुपारी त्यांनी आखायला घेतलेला चेंडू मी त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा करून त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा. खालचं टोक एक असतं. तुमच्या चार टाचण्या झाल्यात."

खरंच झाल्या होत्या. त्यांनी पट्टी दोन बोटं लांब कापली होती, त्यामुळे तिची अर्धी घडी एक बोट पुढे जात होती. या बाजूने मोजलं की पलीकडे, त्या बाजूने मोजलं की अलीकडे. चारी बाजूंनी मोजून त्यांनी चार टाचण्या लावल्या होत्या. त्यांच्यात रुपया ठेवावा इतका गोल मोकळा राहिला होता आणि खरं टोक त्या गोलाच्या मधोमध, टाचणीवाचून.

"चेंडूच वाकडा असेल," त्या म्हणाल्या.

"चेंडू बरोबर आहे. तुमची पट्टी लांब आहे."

"अगं, चाळीस वर्षं कात्री चालवतेय मी. रेषेवर कापायला हातच होत नाही माझा." कराडला त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. "ब्लाऊजच्या बाजूला आत जास्तीचं कापड सोडलं नाही तर आज बसतं, पण पोरगी बाळंत होऊन आली की हूक लागत नाहीत. सोडलेलं असलं की उसवायचं, दोन बोटं बाहेर काढायचं, परत शिवायचं. माझ्या हातचं ब्लाऊज कुणी टाकून देत नाही."

"हा चेंडू बाळंत होणार नाहीये."

त्यांना हसू आलं, पण मी हसले नाही. मला तेव्हा त्यांच्या हसण्याचाही राग आला.

"सगळ्यातच तुमचं जास्तीचं," मी म्हणाले. "पोळी वाढायची तर एक जास्तीची, स्वेटर घालायचा तर एकावर एक. राहायला आलात तीन आठवडे, आणि..."

"आणि काय?"

"काही नाही."

"अर्धं बोलून गिळू नकोस. आणि काय?"

"आणि आता तीन महिने राहणार. ते पण जास्तीचंच."

बोलून गेले. सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं आता रडतील, नाहीतर उठून आतल्या खोलीत जातील. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"तीन महिने राहणार असं तुला कुणी सांगितलं?"

"सत्यजितने."

"काय सांगितलं ते नीट सांग."

"की तुमचीच इच्छा आहे. माझं बाळंतपण तुम्हालाच करायचंय, इथे. म्हणून मी फलटणला जायचं नाही."

"माझी इच्छा?" त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "लग्नसराई तोंडावर आलीय. दुकानात कापडाचे ढीग पडलेत. हाताखालच्या सुमनला एकटीला काजं-बटणंसुद्धा उरकत नाहीत, रोज फोन करून माझ्या नावाने रडतेय ती. आणि मला हौस आलीय होय इथे बर्फात बसायची? मला तर सत्या म्हणाला, तूच हट्ट धरलायस. तुला माहेरी जायचं नाही, तिथे सोयी नाहीत, तुला मीच पाहिजे."

"मी असं म्हणाले?"

"म्हणाला तो. म्हणाला, आई, तीन आठवड्यांचं तिकीट काढतो, पण पुढे वाढवावं लागेल, उत्तरा तुला सोडायची नाही. मला वाटलं, सून एवढी आपली म्हणतेय, तर दुकान गेलं चुलीत."

"मग तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"विचारू नको म्हणाला. अवघडेल म्हणाला ती. तू का नाही विचारलंस?"

"मलाही तेच सांगितलं. विचारलंस तर आईला वाटेल ती तुला नकोशी झालीय."

छपरावरचा बर्फाचा थर धप्पकन खाली पडला. आम्ही दोघी दचकलो. दोन आठवडे मी त्यांच्या हातचं मुकाट्याने खात होते, त्या माझे पाय चेपत होत्या, आणि दोघींनाही आपापल्या घरी जायचं होतं. इतकी चीड मला आयुष्यात दुसऱ्या कशाची आलेली नाही. सत्यजितची तर आलीच, पण जास्त आमची आली, आम्हा दोघींच्या शहाणपणाची.

"गोड बोलतो मेला," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून गोड बोलतो. शाळेत मास्तरांना सांगायचा आई आजारी आहे, आणि मला सांगायचा मास्तरांनी सुट्टी दिली."

मग त्यांनी पट्टी घेतली, चेंडूभोवती फिरवली, डोक्यावरच्या टाचणीपाशी आणली. कात्री उघडली आणि तशीच धरून राहिल्या. हात खरंच होत नव्हता त्यांचा. शेवटी ओठ आवळून त्यांनी टाचणीला लागून कापलं. दुमडली, खाली नेली, टाचणी लावली. दुसऱ्या बाजूने मोजलं, त्याच टाचणीवर. तिसऱ्या बाजूने मोजलं, तिथेच. आधीच्या चारी काढून त्यांनी डबीत टाकल्या.

"बसलं," त्या म्हणाल्या. "आता तो येऊ दे घरी."

सत्यजित दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दारात बूट काढत होता, मोजे चिंब झाले होते. हातात टोकियोहून आणलेला केकचा खोका. "काय, दोघी मजेत ना?" म्हणाला, नेहमीसारखा.

"इकडे ये आणि बस," सासूबाई म्हणाल्या. "तिला जे सांगितलंस ते माझ्यासमोर सांग. मग मला जे सांगितलंस ते तिच्यासमोर सांग."

त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं चिडेल, नाहीतर सारवासारव करेल. तो टेबलापाशी खाली बसला आणि केकचा खोका मांडीवर घेऊन राहिला.

"तू परत आली नसतीस," तो मला म्हणाला.

"असं कुणी सांगितलं तुला?"

"तूच. जूनमध्ये भांडलो तेव्हा. एकदा फलटणला गेले की परत तोंड दाखवायची नाही, म्हणालीस."

म्हणाले होते. रागात म्हणाले होते, की खरंच मनात होतं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"मग मला विचारायचंस," मी म्हणाले.

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

मग सासूबाई म्हणाल्या, "ते तुम्हा दोघांचं. निस्तरा. पण तू तिकिटं काढ. माझं पुढे ढकललंयस ते परत फिरव, आणि हिचं त्याच विमानाचं."

"डॉक्टरची चिठ्ठी लागेल आई."

"मग डॉक्टरकडे ने."

मंगळवारी रस्ता मोकळा झाला तेव्हा गेलो. मी अर्धी बॅग भरून ठेवली होती, आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, थांबून परत घेतला, माझे पाय दाबून बघितले आणि सत्यजितशी जपानीत बोलायला लागल्या. तोवर मला पुरेसं जपानी येत होतं. विमान नाही. प्रवास नाही. शक्य तेवढं पडून राहायचं.

गाडीत मागे बसून मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना बर्फ कापून उभ्या केलेल्या भिंती, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता. सत्यजितचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्याला वाईट वाटत होतं, हे मी मान्य करते. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं त्याला, आणि तेही मला दिसत होतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, आता तर तुला राहायलाच लागेल."

म्हणजे फिरून सगळं त्याने सांगितलं होतं तिथेच आलं. आता ते खोटंही राहिलं नव्हतं. मला खरोखरच कुणीतरी हवं होतं, आणि समोर त्याच होत्या. सासूबाईंनी त्याला भाजी आणायला पिटाळलं आणि माझ्या अंथरुणापाशी येऊन बसल्या. हातात तो चेंडू होता. डोक्याच्या टाचणीला जरीचा दोरा अडकवून त्या खाली ओढत होत्या, खालच्या टाचणीला वळसा घालून पलीकडून वर.

"तुला कोण हवंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना."

"ते मी विचारलं नाही."

माझी आई, एवढेच दोन शब्द होते. दोन आठवडे माझे पाय चेपणाऱ्या, माझ्यासाठी दुकानावर पाणी सोडायला निघालेल्या बाईसमोर ते माझ्या तोंडातून निघेनात.

"राहा ना तुम्ही, आई," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"तोंडदेखलं बोलतेस," त्या म्हणाल्या. रागावून नाही, सरळच म्हणाल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पदराने माझं नाक पुसलं आणि परत दोरा ओढायला लागल्या. आखणी पुरी झाल्यावर त्यांनी एकेक टाचणी काढली. दोरे जागचे हलले नाहीत. तानाबेसाननी येऊन बघितलं, चेंडू बोटांवर फिरवला आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.

रविवारी त्या गेल्या. तिकीट त्यांनी सत्यजितच्या मानगुटीवर बसून परत फिरवून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "जेवत जा." मी उठून नमस्कारसुद्धा करू शकले नाही, पडून होते. दार लागलं तेव्हा मला त्यांचा राग आला. निघून गेल्या म्हणून आला, आणि मी थांबवलं नाही म्हणूनही आला. दिवसभर एकटी, छत बघत. सत्यजित सकाळी डबा करून ठेवायचा, संध्याकाळी येऊन भांडी घासायचा. आम्ही फार बोलत नव्हतो.

असे काही दिवस गेल्यावर तो कारखान्यातून येऊन म्हणाला, "उत्तरा, तुझ्या आई येतायत."

मी उठूनच बसले. "माझी आई? इथे?"

"त्यांचा फार जीव तुटतोय म्हणे. कराडच्या आईने फोन केला होता. विहीणबाईंनी अन्न टाकलंय म्हणाली, मला पाठवा म्हणून मागे लागल्यात. बाबांकडे तुझा दादा बघेल. आता एवढी त्यांची इच्छा आहे, तर मी नाही कसं म्हणू?"

आई आणि अन्न टाकणार? माझी आई उपासालासुद्धा तीनदा खाते. पण मी काही बोलले नाही. मस्कतच्या मामाकडे जायचं म्हणून कधीकाळी काढलेला तिचा पासपोर्ट पडून होता. सत्यजितने कागद पाठवले, धावपळ केली, व्हिसा झाला. फोनवर आई एवढंच म्हणायची, "आले की बोलू गं, बिल महाग असेल तुमचं तिकडे."

ती आली तेव्हा मला नववा लागला होता. सत्यजित तिला विमानतळावर घ्यायला गेला होता, पण ती दमून सगळा रस्ता गाडीत झोपून होती, त्यामुळे दोघांचं बोलणं असं झालंच नव्हतं. दारात आली. नऊवारीवर माझ्या दादाचं जाकीट, पायात दोन मोज्यांवर चपला. मला बघून तिचे डोळे भरले, पण जावई शेजारी उभा, म्हणून आधी मान वळवून त्याच्याशी रीतीचं बोलली.

"तुम्ही एवढा आग्रह केलात जावईबापू, म्हणून धाडस झालं हो. नाहीतर मी कुठली येतेय. विहीणबाई म्हणाल्या, सत्याने हट्टच धरलाय, उत्तराच्या आईशिवाय तिचं कुणी करायचं नाही म्हणतो. मग म्हटलं, एवढं म्हणतायत तर..."

"मी?" सत्यजित म्हणाला. "अहो, तुम्हालाच ना..."

आणि थांबला. हातात तिची बॅग तशीच. आई त्याच्याकडे बघत होती, चेहऱ्यावर सगळा भाबडेपणा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही मी कसंबसं आवरून धरलं होतं.

"हो," तो शेवटी म्हणाला. "मीच आग्रह केला. या, आत या."

आई आंघोळीला गेली. आतून पाण्याचा आणि तिच्या पुटपुटत म्हटलेल्या स्तोत्राचा आवाज येत होता. सत्यजित स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवून त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"आईने माझंच औषध मला पाजलं."

पाणी उकळायला लागलं. त्याने चहापत्ती टाकली, गॅस बारीक केला.

"बाळ झालं की तुझ्या आई परत जातील, तेव्हा..." तो थांबला.

"तेव्हा मी जाणार आहे बरोबर. बाळाला घेऊन."

"त्यांची इच्छा आहे का तशी?"

"तिला अजून विचारलं नाही," मी म्हणाले. "मला जायचंय."